कारवानी कुत्रीला थंडीत कोट: कोणता, कसा, आणि खरंच लागतो का?

गोडोलीकर | २ डिसेंबर, सकाळी ९:१०

मंडळी, आमच्याकडे हरणी नावाची तीन वर्षांची कारवानी (सडपातळ शिकारी जात) कुत्री आहे. आठवडाभर सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी फिरणं होतं आणि शनिवार-रविवारी कोरेगाव तालुक्यात वडिलांच्या शेतावर. तिथे धोमच्या कालव्याच्या भरावावरून चार-पाच किलोमीटर जायचं आणि शाळवाच्या रानातून परत यायचं. प्रश्न या दुसऱ्या फिरण्याचा आहे.

साताऱ्यात ती फारशी कुडकुडत नाही. शेतावर मात्र सकाळी साडेसहाला शाळू दवानं निथळत असतो. सशाची चाहूल लागली की हरणी आत. (आजवर एकही हाती लागलेला नाही, ससे हिला ओळखून आहेत.) पाच मिनिटांनी बाहेर येते ती अर्धी न्हालेली. पाठ कोरडी, छाती, पोट आणि मांड्या चिंब. परतताना गाडीच्या मागच्या सीटवर अशी थडथडते की सीटबेल्टचं बक्कल वाजत राहतं. कारवानीच्या अंगावर ना चरबी ना केस, सांगायला नकोच.

म्हणून गेल्या महिन्यात ऑनलाइन एक कोट मागवला. वरून नायलॉन, आतून फ्लीस, पाठीवर चेन. छातीचं माप २८ इंच दिलं तर 'लार्ज' आला. छातीला बसला, पण पाठीवर कमरेच्या अलीकडेच संपला. बदलून 'एक्स्ट्रा लार्ज' घेतला तर पाठ झाकली गेली आणि पोटाखाली पिशवी लोंबायला लागली. हिची छाती २८ आणि कंबर साडेसतरा. पाट ओलांडताना मागचा पाय त्या पिशवीत अडकला आणि बाई पाण्यात.

पुढचा ताप वेगळाच. फ्लीसच्या कडा बाहेर दुमडलेल्या होत्या. भरावावरचं गवत आता वाळलंय. घरी येऊन बघतो तर कोटाला कुसळांची दाढी. आई आणि मी तासभर चिमट्यानं उपटत बसलो. तरी दोन दिवसांनी हरणी पुढच्या पायाच्या काखेत सारखी चाटायला लागली. तिथे सुपारीएवढी गाठ, मधोमध बारीक भोक. डॉक्टरांनी त्यातून पाऊण इंचाचं कुसळ ओढून काढलं. कोटाच्या आतून कातडीत शिरलं होतं.

आता कोट बादलीत पडलाय आणि थंडी तर अजून सुरू व्हायचीय. कुणी रानात चालणाऱ्या कुत्र्यासाठी काही वापरलंय का? फोटोपुरते स्वेटर नकोत.

कोपऱ्यावरचा_विजू | २ डिसेंबर, सकाळी ९:४२

कुत्र्याला कोट, मांजराला मफलर. पुढच्या धाग्यात म्हशीला मोजे का? आमच्या गल्लीतली कुत्री हलवायाच्या भट्टीच्या राखेत झोपतात, ठणठणीत आहेत.

गोडोलीकर | २ डिसेंबर, सकाळी ९:५०

विजूभाऊ, राखेत झोपतात म्हणजे त्यांनाही थंडी वाजते, एवढंच सिद्ध झालं.

मिरजेची_सुमनमावशी | २ डिसेंबर, दुपारी १२:१५

विजू अगदीच चुकीचं बोलत नाहीये हो. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे, रविवारी दंडोबाच्या डोंगरावर नेतो. हौसेनं कोट घेतला होता. दहा मिनिटांत जीभ हातभर बाहेर. त्याच्या अंगावर देवानंच दुहेरी कोट दिलाय, खाली लोकरीसारखा आणि वर राठ. वरून आपण कापड चढवलं की अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. पामेरियन, जर्मन शेफर्ड यांचंही तेच.

पण तुमच्या हरणीचं वेगळं. आमच्या शेजाऱ्यांकडे कारवानी आहे, तो डिसेंबरात उन्हाच्या तिरिपेबरोबर अंगणभर सरकत असतो.

माणदेशी_माणूस | २ डिसेंबर, रात्री ८:३०

गोडोलीकर, आमच्या भागात कारवानी घरटी हाय, पण कोट घातल्यालं एक बी न्हाई. तळावर मेंढरं वाघरंत (जाळीच्या कुंपणात) असत्यात, कुत्रं त्यास्नी चिटकून झोपतं. मेंढराची ऊब असली की त्याला कशाची थंडी? सकाळी मेंढरं उठत्यात तवा कुत्रं नाराज.

आता तुमी काय मेंढरं पाळणार न्हाई. मग मेंढराची लोकर घाला. घोंगडीचा तुकडा. माझ्या आज्यानं म्हाताऱ्या कुत्रीला घोंगडीची झूल केली हुती, बैलाला बेंदराला घालत्यात तसली, फकस्त बारकी. छातीवरनं एक नाडी, पोटाखालनं एक नाडी. मला आठवतंय तवापासनं ती कुत्री चार हिवाळे जगली.

घोंगडी दख्खनी काळ्या मेंढराचीच बगा. माडग्याळ मेंढरू दिसायला लय देखणं, पर त्याला लोकर जवळजवळ नसतीच. आन् नवी घोंगडी घिऊ नका. तिला चिचुक्याची खळ आसती, पत्र्यावाणी ताठ, अंगाला टोचती. पाच-सात वर्सं आजीनं पांघरल्याली बगा.

गोडोलीकर | २ डिसेंबर, रात्री ९:०५

झूल! गेला महिनाभर मी 'डॉग कोट', 'डॉग जॅकेट' असं शोधत बसलोय आणि शब्द गोठ्यात होता.

पण घोंगडी ओली झाली की जड होते ना? आणि कुसळं लोकरीतही अडकणारच.

माणदेशी_माणूस | २ डिसेंबर, रात्री ९:२०

जड हुती. पर वल्ली झाली तरी गार पडत न्हाई. पावसात मेंढक्याच्या डोक्यावर खोळ कशाची आसती? कुसळाचं म्हणाल तर जुनी घोंगडी घासून घासून गुळगुळीत झाल्याली आसती, तिला कमी धरतं. धरत न्हाई आसं न्हाई.

सांगलीचा_भटक्या | ३ डिसेंबर, सकाळी ७:५५

माझं मत विरुद्ध. रानात सुती आणि लोकरी दोन्ही नकोत. मी सागरेश्वरच्या बाजूला फिरतो (अभयारण्याच्या बाहेरून, कुत्रा आत नेत नाही). बारीक चौकडीचं रिपस्टॉप नायलॉन घ्या, छत्रीच्या कापडासारखं. कुसळ त्यावर टिकत नाही, दव झटकलं की जातं, वेड्या बाभळीनं फाटलं तरी भोक तेवढ्यापुरतंच राहतं. ऊब हवी तर आत पातळ थर.

सुती तर मुळीच नको. माझ्या भावानं जुन्या चादरीची झूल केली होती. एकदा भिजली की उन्हं वर येईपर्यंत कुत्र्याच्या अंगावर ओला फडका.

कराडची_पशुवैद्य | ३ डिसेंबर, दुपारी २:४०

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मी जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे आधी कुत्र्याबद्दल सांगते, मग कापडाबद्दल.

गोडोलीकरांनी एक गोष्ट नेमकी टिपली आहे: पाठ कोरडी, पोट ओलं. बाजारातले बहुतेक कोट पाठ झाकतात, कारण ते पावसासाठी आणि बर्फासाठी कापलेले असतात. आपल्याकडे डिसेंबरात वरून काही पडत नाही, ओल खालून येते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि कारवानीच्या पोटाखाली केस जवळपास नसतातच. म्हणजे तुमच्या कुत्रीला पाठीवर जाड गादीची गरज कमी आणि छातीपासून पोटापर्यंत अंगाला लागून बसणाऱ्या पट्ट्याची जास्त. जाडी नंतर बघा, आधी काप बघा.

कुसळाला उलटे बारीक काटे असतात, ते फक्त पुढेच सरकतं. म्हणून काखेत, बोटांच्या बेचक्यांत, कानात रोज बोट फिरवायचं. कोट असो वा नसो.

आता थरथरीबद्दल. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, आपल्यापेक्षा जास्तच. कान गार लागले म्हणून घाबरू नका, कान गारच असतात. पाठ कमानीसारखी वर, शेपूट पायांत, एकेक पाय उचलून धरणं, चालायला कांकू करणं, ही खरी लक्षणं. आणि अंग पुसून, उन्हात बसवून अर्ध्या तासानंही थरथर थांबली नाही तर ती थंडी नसेल. गोचिडांमुळे येणारा ताप, पोटदुखी, सांधेदुखी या सगळ्यांत कुत्रं थरथरतं. माझ्याकडे दर हिवाळ्यात स्वेटर घालून तापलेली दोन-तीन कुत्री येतातच. घरच्यांना वाटतं थंडी आहे, म्हणून आणखी एक शाल.

गोडोलीकर | ३ डिसेंबर, दुपारी ३:१०

डॉक्टर, आभार. हरणीची थरथर घरी पोचून पुसल्यावर दहा मिनिटांत थांबते, म्हणजे दवच.

मग पोटाखालचा पट्टा कुठपर्यंत घ्यायचा?

कराडची_पशुवैद्य | ३ डिसेंबर, दुपारी ३:३५

मादी आहे, तर पुढच्या पायांमधून सुरू करून शेवटच्या बरगडीच्या चार बोटं मागे. त्याहून मागे नेलात तर बसताना वळकटी होईल. काखेत कापड अजिबात नको, तिथे गोल खोलगट कापा. घासून घासून तिथेच आधी कातडी सोलवटते. बांधल्यावर छातीशी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. आणि ती पळायला लागली की झूल काढून घ्या. चालताना आणि थांबल्यावर गरज आहे, धावताना नाही.

वारणाकाठ | ३ डिसेंबर, रात्री १०:१२

कापडावर जरूर चर्चा करा, पण एक चमकती पट्टी लावायला विसरू नका. शिराळा भागातून लिहितोय. गळीत हंगाम चालू आहे, पहाटे धुक्यात उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात. गेल्या साली माझा काळा कुत्रा अशाच एका ट्रॉलीखाली जाता जाता वाचला. ट्रॉलीवाल्याला तो दिसलाच नाही, त्याचाही दोष म्हणवत नाही. झुलीच्या दोन्ही कडांना पट्टी लावा, नुसती पाठीवर नको. बाजूनं येणाऱ्याला पाठ दिसत नाही.

दुसरं म्हणजे बिबट्या. आमच्याकडे ऊस तुटायला लागला की तो उघड्यावर येतो आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. झूल घातली म्हणून अंधारात बाहेर पडू नका. चांगलं फटफटल्यावर निघा, आणि शाळवात मोकळं सोडू नका. सशामागे सोडणं तर तसंही बरोबर नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे.

गोडोलीकर | ३ डिसेंबर, रात्री १०:३०

मान्य. लांब दोरी घेतली आहे आता. ससे सुटकेचा निःश्वास टाकतील.

माहुलीचा_वाटसरू | ४ डिसेंबर, सकाळी ११:००

धागा वाचून राहवेना. कोपऱ्यावरच्या विजूंनी एकदा संगम माहुलीला यावं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात, आणि महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला. एकदा एक सरदार अंगावर दागिने लेवून थाटात भेटीला आला, तर महाराज स्वतः साध्या पांढऱ्या कपड्यांत बसले आणि शेजारी खंड्याला जरीचा पोशाख, जवाहीर आणि डोक्यावर आपली पगडी. सरदाराला काय समजायचं ते समजलं. शाहू महाराज वारले १७४९ साली. म्हणजे साताऱ्यात कुत्र्याच्या अंगावर कापड चढून पावणेतीनशे वर्षं सहज झाली.

कोपऱ्यावरचा_विजू | ४ डिसेंबर, सकाळी ११:२०

बरं बाबा, हरलो. पण जहागीर मिळाली तर कळवा.

सांगलीचा_भटक्या | ४ डिसेंबर, सकाळी ११:४५

अवांतर: कारवानी आणि मुधोळ हाउंड एकच ना? इथे कुणी दोन वेगळ्या जाती म्हणून भांडतात.

माहुलीचा_वाटसरू | ४ डिसेंबर, दुपारी १२:०५

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड आणि धनगर मंडळींकडची कुत्री जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, तिथून 'मुधोळ हाउंड' नाव पडलं. २००५ साली टपाल खात्यानं त्याच नावानं तिकीट काढलं. आपल्याकडच्या माणसाच्या तोंडी मात्र कारवानीच. अंगाला, शेपटीला झुबकेदार केस असतील तर पश्मी. पश्मीला थंडी जरा कमी वाजत असावी, असा माझा आपला अंदाज.

कराडची_पशुवैद्य | ४ डिसेंबर, दुपारी १२:३०

कमी वाजते, पण कुसळं दुप्पट. असो, झुलीकडे वळा.

गोडोलीकर | ११ जानेवारी, रात्री ८:५०

उशीर झाला, पण काम झालंय. तपशिलात लिहितो, कुणाला उपयोग होईल.

आजीच्या ट्रंकेतली घोंगडी निघाली, म्हसवडची, काळी, मधे एक डांबराचा डाग. आई म्हणाली, "तुझ्या आज्जीनं बाळंतपणात पांघरलीय, आता कुत्रीला." मग स्वतःच कात्री आणून दिली.

मापं अशी घेतली: पट्टा जिथे बसतो तिथून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ २५ इंच, कोपरामागे छाती २८, गळा १४. आधी वर्तमानपत्राचा कागद हरणीच्या अंगावर ठेवून कापला. पहिले दोन कागद तिनं फाडले. तिसरा ती जेवत असताना कापला.

शिवायला पेठेतल्या एका वयस्कर शिंप्याकडे नेलं, जे पूर्वी बेंदराला बैलांच्या झुली शिवायचे. मी घोंगडी, सांगलीच्या भटक्यांनी सांगितलेलं छत्रीचं कापड आणि माझा जुना खेळायचा टी-शर्ट असं गाठोडं पुढे ठेवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बैल केवढा आहे?"

रचना शेवटी अशी झाली: पाठीवर घोंगडीचा एकच थर, वरून काही नाही. छाती आणि पोटाच्या पट्ट्याला बाहेरून छत्रीचं कापड, मधे घोंगडी, आतून टी-शर्टचं कापड, म्हणजे अंगाला टोचत नाही आणि लवकर वाळतं. घोंगडी कापली की कडेनं उसवत जाते, ते त्यांनी आधीच ओळखलं आणि सगळ्या कडा नाड्याच्या पट्टीत बंद केल्या. एकही लोकरी कड बाहेर नाही. वेल्क्रो मी म्हटलं होतं, त्यांनी नाकारलं. "त्यात केस आणि गवत भरतं, आठ दिवसांत धरायचं बंद होतं." शाळेच्या दप्तराची दोन प्लास्टिकची बक्कलं लावली, ती एका हातानं सुटतात. तारेच्या कुंपणात अडकली तर झटक्यात सोडवता यावी म्हणून हे बरं. दोरीच्या हुकासाठी पाठीवर एक काज. चमकती पट्टी दोन्ही बाजूंना, वारणाकाठ, तुमची आठवण काढून.

मजुरी अडीचशे. आणि न विचारता चारही कोपऱ्यांना लाल गोंडे. म्हणाले, झूल आहे, गोंड्याशिवाय कशी दिसेल.

आता अनुभव. चार रविवार झाले. शाळवाच्या कडेनं चालून आल्यावर छत्रीच्या कापडावर दव थेंबाथेंबानं उभं असतं, हात फिरवला की खाली. पोट कोरडं. मांड्या ओल्या होतात, त्याला इलाज नाही, गाडीत टॉवेल ठेवतो. बक्कल वाजत नाही आता. म्हणजे सीटबेल्टचं. कुसळं पाठीवर आठ-दहा सापडतात, नाड्याच्या कडेला एखाददुसरं. पाच मिनिटांचं काम. पहिल्या रविवारी उजव्या काखेत जरा लाल झालं होतं, शिंप्याकडून तिथे अर्धा इंच आणखी कापून घेतलं.

एक चूक सांगतो. दुसऱ्या रविवारी घरी आल्यावर झूल तशीच राहू दिली, म्हटलं ऊब राहील. पोटाकडचं अस्तर थोडं दमट होतं. तासाभरानं हात घातला तर आत सगळं गार आणि कुबट. आता दारातच काढतो आणि दोरीवर उलटी टाकतो. घोंगडीला वाळायला मात्र पूर्ण दिवस जातो, सांगलीचे भटक्या लोकर नको म्हणाले ते अगदीच चूक नव्हतं.

सांगलीचा_भटक्या | ११ जानेवारी, रात्री ९:१५

म्हणजे माझं कापड खाली आणि माणदेशींची घोंगडी वर. निम्मं जिंकलो.

माणदेशी_माणूस | ११ जानेवारी, रात्री ९:४०

लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पिती तरी हाताला वल्ली लागत न्हाई, आसं आमच्या हितल्या कृषीवाल्यांनी सांगितल्यालं. माझ्या आज्याला ते न सांगता ठावं हुतं. गोंडं हायत का अजून?

गोडोलीकर | ११ जानेवारी, रात्री ९:४५

दोन उरलेत. दोन हरणीनं खाल्ले. (डॉक्टर, सांगायच्या आधीच सांगतो: दुसऱ्या दिवशी दोन्ही बाहेर पडले, उरलेले दोन मी कापून टाकतोय.)

कराडची_पशुवैद्य | ११ जानेवारी, रात्री ९:५५

आज रात्रीच कापा. दोरा आतड्यात अडकला तर पोट उघडावं लागतं.

मिरजेची_सुमनमावशी | १२ जानेवारी, सकाळी ८:२०

शेजाऱ्यांना धागा दाखवला, त्यांनाही करायचीय. त्यांचा कारवानी नर आहे, छाती ३० इंच. कागद तसाच वापरला तर चालेल का?

गोडोलीकर | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

मावशी, पाठीचा चालेल, दोन इंच वाढवून. पोटाचा पट्टा मात्र नराला आखूड हवा, शेवटच्या बरगडीवरच थांबवा, नाहीतर प्रत्येक खांबाला तोच आधी भिजेल. कागद घडी करून ठेवलाय, मिरजेला कुणी येणार असेल तर देतो पाठवून. आणि शिंप्याला आधीच सांगा, गोंडे नकोत.